शिवदांड्याचा पहिला मान

कापडे गावात माणसाला जमीन थोडी कमी असली तरी चालते, बैल म्हातारा असला तरी चालतो. पण शिमग्याच्या पालखीला पुढचा खांदा कुणाचा, यात इकडचं तिकडं झालं तर सख्खे भाऊ दहा-दहा वर्षं एकमेकांच्या दारावरून जाताना मान वळवतात. वाघजाई आईला यातलं काही कळतं की नाही, देव जाणे. तिला खांदा कुणाचाही चालत असावा, कारण आजवर ती एकदाही पडलेली नाही.

तर सन एकोणीसशे एकतीसच्या माघात वाघजाईच्या देवळात गावकी बसली आणि तिने पुढचा खांदा कोंडाजी उतेकराकडून काढून महिपत शेलाराला दिला. कोंडाजी हा तीन खंडी भात पिकवणारा, कचेरीत गेला तर शिपायाने "बसा" म्हणावं असा माणूस. पण महिपतने मुद्दाच असा काढला की पंचांना खाजवायला डोकी पुरेनात.

"उतेकर हितं उपरे," महिपत म्हणाला. "पाचसहा पिढ्या झाल्या असतील, पन उपरे ते उपरे. ज्याला दुसऱ्या कुठल्याच गावात मान नाय, त्याला आपन का द्यायचा?"

कोंडाजी घरी आला आणि जेवला नाही. म्हणजे दोन भाकऱ्या खाल्ल्या, पण तिसरी परत पाठवली. त्याच्या मापाने तो उपासच होता. बायको आनंदीबाईने "बरं नाय का?" एवढं विचारलं आणि ती भाकरी झाकून ठेवली.

कोपऱ्यात त्याची आत्या ठमाबाई वाल सोलत बसली होती. आत्याला ऐकायला कमी येई, पण मानापानाची गोष्ट निघाली की तिचे दोन्ही कान उघडत.

"आरं कोंडू, आपल्याला मान नाय कसा?" ती म्हणाली. "शिवदांड्याला हाय की. थितं समुद्रावर आपला पयला मान हाय. माजा आजा सांगायचा."

कोंडाजी उठून बसला. "कसला मान, आत्या?"

"पयला."

"पयला म्हंजी कसला?"

"पयला म्हंजी पयला," आत्या म्हणाली, आणि पुन्हा वालाकडे वळली. तिच्या आठवणीचं शेत तिथे संपत होतं.

पण बुडत्याला काडी पुरते आणि कोंडाजीला ती ओंडक्याएवढी दिसली. दुसऱ्या दिवशी त्याने गावकी पुन्हा बसवली आणि सांगितलं की, खाडीच्या तोंडाशी, जिथे मराठ्यांच्या आरमाराचा पाण्यातला किल्ला आहे त्या शिवदांड्याच्या कोळीवाड्यात, उतेकरांचा पहिला मान आहे. पंचांनी विडे लावत बराच विचार केला आणि ठरवलं की होळीला कोंडाजीने तिथे जावं, साक्षीला महिपतने जावं, आणि रंगपंचमीच्या आत परत येऊन महिपतने वाघजाईसमोर हात ठेवून सांगावं की काय पाहिलं. मान खरा ठरला तर पुढचा खांदा उतेकरांचा, खोटा ठरला तर उतेकरांनी पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही. महिपत लगेच कबूल झाला. असा काही मान नसणार याची त्याला खात्री होती, आणि असलाच तरी फुकटात समुद्र तरी बघायला मिळणार होता.

कारण दोघांनीही समुद्र कधी पाहिला नव्हता. कापड्यात समुद्र पाहिलेला माणूस एकच. तो सदू. मुंबईच्या गोदीत आठ महिने काम करून तो परत आला होता आणि तेव्हापासून साधं मराठी बोलायला त्याला जड जाई.

"समुंदर डेंजर चीज हाय, कोंडाजीकाका," सदू म्हणाला. "पानी लय, पन पियाला एक टिपूस नाय. आन् पब्लिकमदी जायाचं तर डिरेस पायजे." त्याने आपला काळा कोट आणून दिला. तो मुंबईत एका पारशाच्या घरून मिळालेला, बटणं पितळेची. "वापस करा. सेम टू सेम."

मग सल्ल्यांची रीघ लागली. एकाने सांगितलं, समुद्राकडे सरळ बघू नये, तिरकं बघावं, नाहीतर घेरी येते. एकाने हुंगायला कांदा दिला. एकाने दोर दिला आणि कशासाठी ते सांगितलं नाही. मानाच्या गावी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पायलीभर कोळंब तांदूळ आणि पाच नारळ बांधले गेले. नारळ समुद्रकाठी न्यायचे म्हणजे काय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आनंदीबाईने गाठोडं बांधून दिलं आणि एवढंच विचारलं, "भाताच्या रोपासाठी राब भाजायचे दिवस हायत. मान आनायला तुमी चाललाव, मंग राब कोन भाजनार?"

"गो, घराण्याचा प्रश्न हाय," कोंडाजी म्हणाला.

"व्हय. घरान्याचंच भात हाय ते," आनंदीबाई म्हणाली. कोंडाजीने गाठोडं उचललं आणि तो बाहेर पडला, कारण बायकोशी वाद घालायला वेळ नव्हता. तो तसा कधीच नसतो.

पोलादपूरहून सर्व्हिस मोटारीने दोघे महाडला आले. मोटारीत महिपतला ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली आणि कोंडाजीला मागे, एका बोकडाशेजारी. ही गोष्ट त्याने मनाला लावून घेतली, पण बोलून दाखवली नाही. तोंडी सांगण्यापेक्षा कागद बरा, म्हणून महाडात कचेरीबाहेरच्या वडाखाली अर्ज लिहिणाऱ्या नानांकडे तो गेला.

"कसला मान?" नानांनी टाक शाईत बुडवून विचारलं.

"पयला."

"तपशील?"

"थितं गेल्यावर कळंल."

"मूळ पुरुषाचं नाव?"

"सुभानजी."

"ते हजर आहेत का?"

"वारले."

"मयताचा दाखला?"

"दीडशे वर्सं झाली, नाना."

"तरी दाखला लागतो," नाना म्हणाले, आणि त्यांनी इतक्या खेदाने मान हलवली की कोंडाजीला सुभानजीचाच राग आला. मरताना माणसाने एवढी तरी व्यवस्था करायला नको? शेवटी नानांनी स्टँपाच्या कागदावर लिहून दिलं की, 'अर्जदार हा मयत सुभानजी याचा वंशज असल्याचे अर्जदाराचे म्हणणे असून, सदर म्हणणे अर्जदारास खरे वाटते.' हे वाचून दाखवल्यावर कोंडाजीला भरून आलं. इतक्या भारदस्त भाषेत त्याच्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं.

महाडच्या बंदरातून माल नेणारा एक पडाव भर दुपारच्या भरतीला सुटायचा होता. ओहोटीबरोबर तो सावित्रीतून खाली जाणार, असं तांडेल म्हणाला. भरती-ओहोटी या शब्दांचा दोघांनीही अर्थ विचारला नाही. महिपतला वाटलं कोंडाजीला माहीत असेल, आणि कोंडाजीला वाटलं विचारलं तर महिपत हसेल. पडाव रात्रभर खाडीत हळूहळू उतरला. दोघांनी आळीपाळीने कांदा हुंगला आणि उजाडताच शिवदांडा दिसला.

दिसला, पण लांब. मध्ये चिखल आणि गुडघाभर पाणी. खलाशी उतारूंना खांद्यावर घेऊन किनाऱ्याला नेत होते. महिपत मुकाट्याने खांद्यावर बसला आणि कोरडा उतरला. कोंडाजी म्हणाला, "मानकरी मानसाच्या खांद्यावर बसून जात नाय," आणि त्याने गाठोडं डोक्यावर घेऊन स्वतःच पाण्यात पाय टाकला. तिसऱ्या पावलाला तो चिखलात बसला आणि गाठोडं पाण्यात गेलं. फेटा, धोतर, सदूचा कोट, पायलीभर तांदूळ आणि नानांचा कागद यांनी मिळून पहिलं समुद्रस्नान केलं.

शिवदांडा म्हणजे पन्नास-साठ झोपड्या, नाकात बसणारा सुक्या मासळीचा वास, बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, आणि समोर पाण्यात काळाकभिन्न किल्ला. कोळ्यांचा पाटील चांगू अंगणात जाळं दुरुस्त करत होता. कोंडाजीने ओल्या अंगाने जमेल तेवढा रुबाब आणला आणि सांगितलं, "आमी कापड्याचे उतेकर. सुभानजीच्या घरचे."

चांगूच्या हातातली सुई थांबली. शेजारच्या अंगणात मासळी चिरणाऱ्या बायकांचे कोयते थांबले. बनुबाई म्हणून एक नव्वदीची म्हातारी होती, ती काठी टेकत आली आणि कोंडाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली. तरुण बायकांनी तोंडाला पदर लावले. कोंडाजीला वाटलं, आनंदाने.

"हाय," चांगू म्हणाला. "तुमचा मान हाय हिथं. पयला. तुमच्या घरचा नाव घेतल्याबिगर आमची होली लागत नाय."

कोंडाजीने महिपतकडे पाहिलं. महिपतने समुद्राकडे पाहिलं, सरळच.

"पन पुरावा पायजे," चांगू पुढे म्हणाला. "सात वर्सांपूर्वी एकजन आयला, मी उतेकर बोलला, तीन दिस जेवला आन् गेला. मागून कळला, तो निस्ता भुकेला होता. तवापासून पुरावा मिळंपर्यंत मान काय हाय ता आमी सांगत नाय."

कोंडाजीने कागद काढला. शाई सगळी वाहून गेली होती. उरला होता फक्त स्टँप.

"ह्यो बादशा तुमच्या वळखीचा हाय का?" चांगूने स्टँपावरच्या मुंडक्याकडे बोट दाखवून विचारलं.

सांजेला होळीपाशी जाणती माणसं बसतील, तेव्हा बघू, असं ठरलं. आता उरला दिवस कोंडाजीला एकच काम होतं. संध्याकाळी पंचांपुढे उभं राहायचं तर फेटा, कोट, धोतर कडकडीत वाळलेलं पाहिजे. जागा शोधत तो किनाऱ्यावर आला आणि पाहतच राहिला. समोर पाणी दूरवर मागे गेलेलं आणि मध्ये सपाट, टणक, झाडून ठेवल्यासारखी वाळू. असं खळं कापड्यात शेणाने चार वेळा सारवूनही होत नाही.

"बघ रे महिपत," तो म्हणाला. "एवडी जागा मोकळी पडलीय आन् ही मानसं बांबूवर चढवून मासळी वाळवतायत. अक्कल नाय, दुसरं काय."

महिपतचं आणि त्याचं महिन्याभरात पहिल्यांदा एकमत झालं. कोंडाजीने तांदूळ हाताने नीट पातळ पसरला, फेटा लांबलचक घातला, कोट, धोतर आणि कागद दगड ठेवून वाळत टाकले. मग अंगावरचा ओला सदराही काढून टाकला आणि लंगोटीवर बसला. महिपतनेही आपली घोंगडी, पागोटं आणि रात्रीच्या दवाने दमट झालेले सदरा-धोतर ऊन द्यायला बाजूला पसरले आणि तोही लंगोटीवर आला. चिमण्या येतील म्हणून दोघांनी एक-एक काठी घेतली, ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीला टेकले, आणि रात्रभर पडावात जागलेले असल्यामुळे चिमण्यांची वाट बघता बघता झोपले.

कोंडाजीला जाग आली ती पाय गार लागले म्हणून. डोळे उघडले तर खळं नव्हतं. जिथे तांदूळ होता तिथे समुद्र होता, आणि तो अजून पुढे येत होता. डोंगरातल्या शेतकऱ्याला असं पाणी दिसलं की एकच गोष्ट सुचते.

"कुनी रे बांध फोडला?" कोंडाजी ओरडला आणि काठी घेऊन किनाऱ्याने पळत सुटला, फुटलेला बांध शोधायला. महिपत मागून वाळूची ढेकळं घेऊन धावत होता, भगदाड बुजवायला. ढेकळं हातातच विरघळत होती. दूर किल्ल्याच्या दिशेने लाल फेटा एकटाच चालला होता, मालकाशिवाय, पण ऐटीत. मागोमाग सदूचा कोट हात पसरून जात होता.

ओरडा ऐकून सगळा कोळीवाडा धावत आला. समोर लंगोटीवर बांध शोधणारे दोन पुरुष होते. बनुबाई मटकन वाळूत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"चांगू," ती धापा टाकत म्हणाली, "पुरावा कसला मागतंस? ह्यो त्याचाच हाय. दुसरा कोन असा करनार?"

आणि मग तिने, तिथेच वाळूत बसून, मान सांगितला. दीडशे वर्षांपूर्वी घाटाखालून आलेला सुभानजी उतेकर किल्ल्यातल्या तोफांच्या दारूखान्यावर होता. पावसाळ्यात दारू ओलावली. पाऊस सरल्यावर सुभानजीने ती सगळी होड्यांतून किनाऱ्यावर आणली, ओहोटीच्या वाळूवर भातासारखी पसरली, आणि चिमण्या येतील म्हणून काठी घेऊन राखणीला बसला. चिमण्या आल्या नाहीत. भरती आली. चार दिवसांनी गनिमाची गलबतं आली तेव्हा किल्ल्यात उडवायला चिमूटभर दारू नव्हती. कोळ्यांनी पातेली बडवून त्यांना कसंबसं पळवलं. सुभानजी त्याच्या आधीच डोंगरात पळाला होता.

"तवापासून," चांगू म्हणाला, "होली लागली का पयली बोंब सुभानजीच्या नावानं. मंग बाकीच्यांच्या. दीडशे वर्सांत एकदा चुकली नाय."

कोंडाजीला वाटलं, समुद्र आलाच आहे तर आता आपल्यालाही घेऊन जावं. बोंब. ज्या मानासाठी फेटा गेला, कोट गेला, राब भाजायचे राहिले, तो मान म्हणजे बोंब. आणि महिपत वाघजाईसमोर हात ठेवून हे सांगणार. पुढचा खांदा तर गेलाच, पण उद्यापासून कापड्यातली पोरंसुद्धा तोंडावर हात नेणार. त्याला रडू फुटायच्या बेतात होतं. त्याने महिपतकडे पाहिलं.

महिपत हसत नव्हता. तो कसल्या तरी विचारात पडला होता.

"पाटील," महिपत सावकाश म्हणाला, "दीडशे वर्सं म्हंता? दरवर्सी? सगळा गाव?"

"पोराटोरांसकट."

"शेलारांचं नाव नदीपल्याडच्या गावात बी कुनाला ठाव नाय," महिपत म्हणाला. "पाटील, माजी घोंगडी बी गेली. पागोटं बी गेलं. मी बी चिमन्या राखत होतो. मंग बोंब निस्ती त्याची कशी? निम्मी माजी."

एवढा वेळ वाकलेली कोंडाजीची पाठ ताठ झाली.

"निम्मी?" तो म्हणाला. "बोंब आमची हाय, महिपत. वडिलोपार्जित हाय. दीडशे वर्सांची. काल आलेल्या उपऱ्याला तिच्यात वाटनी नाय."

"घोंगडी नवी होती रे."

"आमी आख्खा दारूखाना घालवलाय. तुजी घोंगडी काय घेऊन बसलास?"

वाद तासभर चालला आणि कोळ्यांनी मासळी टाकून तो ऐकला. शेवटी चांगूने निवाडा केला. पहिली बोंब उतेकरांची, तिला हात लावता येणार नाही. पण समुद्र सगळ्यांचा, तेव्हा दुसरी बोंब यंदापासून शेलारांची. कोंडाजी एका अटीवर कबूल झाला, आणि ती अट त्याने महिपतला बाजूला नेऊन कानात सांगितली.

तिन्हीसांजेला होळी लागली. कोंडाजी आणि महिपत कोळ्यांचे चौकड्यांचे रुमाल कमरेला गुंडाळून मानाच्या पाटावर बसले होते. चांगूने नारळ आगीत टाकला, आणि तीनशे माणसांनी एकदम तोंडावर हात नेला. सुभानजी उतेकराच्या नावाची बोंब समुद्रावरून गेली, किल्ल्यावर आपटली आणि परत आली. कोंडाजीच्या अंगावर काटा आला. त्याच्या घराण्याचं नाव इतक्या तोंडांनी एका वेळी कधी घेतलं नव्हतं, आणि वाईट म्हणून का होईना, कुणी ते विसरलं नव्हतं. तो उठला, त्याने तोंडावर हात नेला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने आपल्याच मूळ पुरुषाच्या नावाने बोंब ठोकली. दुसरी बोंब महिपतची झाली. तिच्यात तितका जोर नव्हता, असं कोंडाजीचं मत पडलं.

रंगपंचमीच्या सकाळी महिपतने वाघजाईच्या पायरीवर हात ठेवला आणि सांगितलं, "मी डोळ्यांनी पाह्यलं. शिवदांड्याला उतेकरांचा पयला मान हाय. सुभानजीचं नाव घेतल्याबिगर थितली होळी लागत नाय. सगळा गाव उभा ऱ्हाऊन ते नाव घेतो." यात खोटा शब्द एकही नव्हता. पंचांनी माना डोलावल्या. सदूने कोटाची चौकशी केली तेव्हा, मानाच्या ठिकाणी तो समुद्राला अर्पण झाला, असं त्याला सांगण्यात आलं, आणि सदूला ते पुण्य आपल्याकडे आलं की कोंडाजीकडे, हे अजून नीटसं समजलेलं नाही.

त्या दिवशी पालखीला पुढचा खांदा कोंडाजीचा होता. मागचा महिपतने आपणहून मागून घेतला. पालखी दारोदार फिरली, आत्याने कानाला हात लावून ढोल ऐकला आणि "मी सांगत नव्हते?" म्हणून सगळ्यांना सांगितलं.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर आनंदीबाईने विचारलं, "मंग काय मान हाय तो?"

साऱ्या गावाला अर्धं सांगता येतं. पण एकवीस वर्षं भाकरी वाढणाऱ्या बाईला अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं ती तोंडावरूनच वाचते. कोंडाजीने खाली मान घालून सगळं सांगितलं. तांदूळ, चिमण्या, बांध, बोंब, सगळं.

आनंदीबाई हसली नाही. तिने शांतपणे तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजी सगळा गाव तोंडावर हात मारून तुमच्या घरान्याच्या नावानं वरडतो?"

"व्हय."

"रोज?"

"नाय गो. वर्सातून एकदा."

तिने तिसरी भाकरी त्याच्या ताटात ठेवली.

"वर्सातून एकदा वरडनाऱ्यांचं तुमाला एवडं कवतिक," ती म्हणाली, "आन् हितं मी एकवीस वर्सं रोज वरडतेय. माजी पालखी कवा निघायची?"